साबुकंदाच्या मधल्या ओळी

ता. उमरगा, जि. धाराशिव
मे महिना, ऊन मी म्हणतंय

चिरंजीव विरुपाक्ष यास कस्तुराअक्काचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. भावजींचा गुडघा, जाऊबाईंचं पित्त आणि तुझ्या दाजींचे विचार एवढं सोडलं तर घरात दुखणं असं काही नाही. तुझी तब्येत कशी आहे? सेलमला दोन्ही वेळेला भातच मिळतो म्हणून मागे रडत होतास, आता सवय झाली असेल. दिवाळीला येतो येतो म्हणालास त्याला दोन दिवाळ्या उलटल्या, पण त्याबद्दल मी काही बोलणार नाही. (बोलायचं ठरवलं तर पत्र तिथंच संपेल.) फोन सोडून पत्र का, असं विचारशील. आमच्या घरातला फोन दाजींच्या हातात असतो, आणि हातात नसला की स्पीकरवर असतो. मागे मी तुझ्याशी जाऊबाईंबद्दल दोन चांगले शब्द बोलले, ते पलीकडच्या खोलीतून जाऊबाईंनी दुरुस्त करून दिले. म्हणून हे सगळं नीट बसून लिहिते आहे. वाच आणि आत ठेव. तुझ्या फॅक्टरीतल्या त्या मिझोरामच्या मित्राला तर मुळीच सांगू नकोस, कारण सगळा घोळ त्याच्यापासून सुरू झाला.

आमची ओढ्याकडची पट्टी तुझ्या डोळ्यासमोर आहेच. जमीन दोघा भावांची एकत्र, कारभार माझ्या थोरल्या दिरांचा, म्हणजे महारुद्र भावजींचा, आणि जिकडे बघावं तिकडे सोयाबीन. तेवढी एक पट्टी मात्र तुझ्या दाजींच्या प्रयोगांसाठी सोडलेली. तिथं आधी इमू पाळून झाले. (पक्षी न्यायला येतो म्हणालेला माणूस आलाच नाही, आणि भावजींच्या नव्या धोतराचा सोगा एका इमूनं गिळला, तो विषय अजून दर सणाला निघतो.) मग कोरफड झाली, सफेद मुसळी झाली. तू साबुदाण्याच्या कारखान्यात लागलास आणि ज्याच्या गड्ड्यांचा तो साबुदाणा होतो त्या साबुकंदाचं खूळ यांच्या डोक्यात घातलंस, तेव्हा भावजींनी ओसरीवर बसून सगळ्यांसमक्ष सांगितलं की हा शेवटचा. साबुकंदाचे गड्डे धड पोसले तर पट्टी धाकट्याची, नाही पोसले तर येत्या मिरगाला तिथंही सोयाबीन, आणि प्रयोग हा शब्द पुन्हा उंबऱ्याच्या आत आणायचा नाही. विरू, मला त्या पट्टीचं एवढं काही नाही रे. पण हा माणूस काहीतरी नवं करत असला की घरात शीळ वाजवत फिरतो. इमू गेल्यावर ती शीळ बंद झाली होती. जेवताना मान खाली, विचारलं तर हूं, नाही तर तेही नाही. ते दिवस मला परत नको होते, आणि पुढे जे मी केलं ते वाचताना एवढं लक्षात ठेव.

बेणं तू ट्रकवाल्याकडं दिलंस, त्यानं ते उमरग्याच्या हायवेवर एका ढाब्यावर टाकलं, तिथून यांनी ते मोटारसायकलवर आणलं. काड्यांच्या मोळ्या अंगणात ठेवून हे गावाला पेढे वाटायला गेले. आमच्या जाऊबाई धुरपदाबाई यांचा स्वभाव कामसू. वाळक्या काड्यांची आयती मोळी दारात पाहून त्यांनी एक मोळी सोडली आणि अंघोळीच्या पाण्याखाली सारली. पाणी म्हणे फार लवकर तापलं. उरलेल्या मोळ्यांच्या वीत-वीत लांब कांड्या केल्या आणि लावल्या. वरची बाजू कुठली, खालची कुठली यावरून वाद झाला म्हणून काही कांड्या यांच्या मतानं आणि काही गड्याच्या मतानं लावल्या. गड्याच्या मताच्या आधी फुटल्या. तरी ठिबकचं पाणी आणि ओढ्याची माती, दिवाळीपर्यंत झाडं माझ्या खांद्याला लागली. पाच-सात बोटांचं ते हिरवंगार पान, लालसर देठ. बघणारा थांबून बघायचा.

यांनी लगेच कायदा केला. मुळांना धक्का बसतो, म्हणून पट्टीत कुणी पाऊल टाकायचं नाही, अगदी स्वतः त्यांनीही नाही. रोज सकाळी बांधावरून एक फेरी मारायची, कडेच्या ओळीचा व्हिडिओ काढायचा आणि स्टेटसला टाकायचा. त्यातच फातिमाबीच्या शेळीनं कुंपणातून मान घातली आणि ओला पाला ओरबाडून खाल्ला. (फातिमाबी म्हणजे आमच्या शेजारच्या, दादामियाँच्या घरच्या. तुझ्या लग्नात तुला चष्मा काढायला लावलेल्या त्याच.) शेळी डोळे फिरवून आडवी पडली. डॉक्टरांनी सुई टोचली तशी ती उठली, पण त्या दिवसापासून ती पट्टीवरून जाताना मान दुसरीकडं वळवते. भावजींना एवढं पुरे झालं. चावडीवर, देवळात, न्हाव्याकडं, जाईल तिथं ते सांगू लागले की धाकट्यानं शेतात विषाचं झाड लावलंय.

आता तुझा गुन्हा. तूच एकदा, दाजी फोन घरी विसरून गेले होते तेव्हा, मला बोलता बोलता म्हणालास की तुझा तो मित्र याच पाल्याची भाजी करून खातो. कच्चा पाला वाईट हे खरं, पण कोवळे शेंडे तेवढेच खुडायचे, चांगले ठेचायचे, उघड्या भांड्यात भरपूर पाण्यात खूप वेळ उकळायचे, ते पाणी फेकून द्यायचं, परत ताज्या पाण्यात उकळायचे, म्हणजे काही होत नाही. तू बोलून मोकळा झालास. माझ्या मात्र डोक्यात ते बसलं. संक्रांत सरली की आमच्याकडं पालेभाजीचं काय होतं तुला ठाऊक आहे. मेथी जून होते, हरभऱ्याचा पाला संपतो, आणि मग पाऊस पडेपर्यंत बेसन एके बेसन. इकडं पिठलं ढवळायचं आणि तिकडं खिडकीतून ती हिरवीगार पट्टी दिसायची. माणूस आहे मी, विरू. एका दुपारी हे झोपले आणि मी ओटीभर शेंडे खुडून आणले.

ठेचायला फातिमाबींकडं गेले, कारण आमच्या पाट्याचा आवाज जाऊबाईंना झोपेतही कळतो. फातिमाबींनी आधी शेळीची आठवण करून दिली. पण त्या अंबाडीचं गोश्त करण्यात तालुक्यात पहिल्या, त्यांना आंबटचिंबट पाल्याची भीती अशी नाही. दोघींनी मिळून पाला ठेचला, सांगितलास तसा उकळला, पाणी फेकलं, परत उकळला. मग हरभऱ्याची डाळ, शेंगदाण्याचा कूट आणि लसणाची चरचरीत फोडणी. आधी मी खाल्ली. त्या माझ्या तोंडाकडं बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी मी धुणं धुताना दिसले तेव्हा त्यांनी खाल्ली. अशा आम्ही दोघीच पुष्कळ दिवस खात होतो आणि तब्येतीनं सुधारत होतो. शेवटी मला एकटीनं खाणं बरं वाटेना, आणि एका बुधवारी मी ती भाजी भावजींच्या ताटात वाढली.

इथं आमच्या घरची रीत तुला परत सांगायला हवी. लग्न होऊन आले तेव्हापासून मी भावजींशी समोरासमोर एक शब्द बोललेली नाही. थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर आणि तोंड बंद. काही सांगायचंच झालं तर दाराला सांगायचं, मांजराला सांगायचं, ज्यानं ऐकायचं तो ऐकतो. भावजीही रीत पाळतात. त्यांना माझ्याकडून पाणी हवं असलं तर ते ओसरीच्या खांबाला पाणी मागतात. (त्या खांबाशी त्यांचं जेवढं बोलणं झालंय तेवढं सख्ख्या भावाशी झालेलं नाही.) तर त्या बुधवारी भावजींनी भाकरी मोडली, एक घास घेतला, थांबले, दुसरा घेतला आणि खांबाला विचारलं की ही कसली भाजी. मी मांजराला सांगितलं की उमरग्याच्या बाजारातली. पुढच्या बाजारच्या दिवसाची वाट न बघता शनिवारीच त्यांनी खांबाकडं ती परत मागितली. मग बुधवार-शनिवार नेमच झाला. दोन वाट्या खायच्या, ढेकर द्यायचा आणि पान तोंडात टाकून चावडीवर जायचं, विषाच्या झाडाबद्दल सांगायला.

कडेची ओळ मी कधी खुडली नाही, हे माझं डोकं. व्हिडिओत दिसणाऱ्या ओळींना हात लावायचा नाही, आत शिरायचं आणि मधल्या ओळींचे शेंडे घ्यायचे. बांधावरून बघणाऱ्याला हिरवी भिंत दिसते, आत काय चाललंय त्याचा पत्ता नाही. महाशिवरात्रीला मात्र पकडले गेले. मी आत वाकलेली, आणि समोर जाऊबाई उभ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता घरभर बोभाटा. पण त्यांना दुसरीच अडचण होती. दिवसभर उपास, भगर आणि रताळं खाऊन त्यांचं पित्त खवळलं होतं. त्या म्हणाल्या, "ज्या झाडाचा साबुदाणा उपासाला चालतो, त्याचा पाला उपासाला का चालू न्हाय?"  डाळ-लसूण न घालता जिऱ्याची फोडणी देऊन त्यांनी ती शिवरात्रीला खाल्ली, आणि आमच्यात सामील झाल्या. शिवरात्र सरली तसा रमजान आला. फातिमाबींनी इफ्तारीला पाल्याचं गोश्त केलं आणि ते चार घरी पाठवलं. त्या चार घरांतून रिकामं भांडं परत येणं शक्य नव्हतं, आणि भरून आलेल्या भांड्यासोबत थोडा पाला मिळेल का अशी विचारणा होती. आपल्या आईनं आपल्याला काय शिकवलंय? रानातल्या भाजीला, बेण्याला आणि विरजणाला नाही म्हणू नये. मी कुणालाच नाही म्हटलं नाही. मधल्या ओळी डोक्यावरून वस्तरा फिरवल्यासारख्या दिसायला लागल्या.

आणि मग तू एक दिवस फोनवर दाजींना, स्पीकरवर, आरामात सांगितलंस की शेंडे फार खुडले तर झाड सगळा जीव नव्या पाल्यात घालतं आणि खाली गड्डा पोसत नाही. मी भाकरी थापत होते. हात तसाच परातीत राहिला. हे तू मला पाला सांगितलास तेव्हाच सांगायला काय झालं होतं? दाजी हसून म्हणाले, आपल्या पट्टीला तर कुणी बोट लावलेलं नाही. शीळ वाजवत बाहेर गेले. मी त्या दिवशी ठरवलं की आजपासून एक शेंडा तोडायचा नाही. शनिवार होता. संध्याकाळी भावजी ताटावर बसले, पिठलं बघितलं, आणि खांबाला एवढ्या दुःखानं विचारलं की ती भाजी का नाही, की मला त्यांच्या गुडघ्याची पण दया आली. दुसऱ्या दिवशी मी परत आत शिरले. एकीकडं शीळ आणि एकीकडं ताट, मी करू तरी काय?

काढणी गेल्या आठवड्यात झाली. भावजींनी अर्धं गाव बोलावून आणलं होतं, हरलेला भाऊ सगळ्यांनी बघावा म्हणून. दाजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. फोन गड्याच्या हातात देऊन व्हिडिओ चालू केला, आणि कोपऱ्यातलं झाड उपटलं. विरू, गड्डे काय होते! मनगटाएवढे जाड, झुबकाच्या झुबका. लोकांनी तोंडात बोटं घातली. दुसरं झाड, तेही कडेचं, तसंच. दाजी माझ्याकडं बघून हसले. भावजींनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "कडंचं झाड समद्यांचंच जोमदार असतंय. मधलं उपटा."

दाजी पहिल्यांदाच आत शिरले. आतल्या झाडांची बोडकी डोकी पाहून थबकले, तरी एक उपटलं. खाली उदबत्तीपेक्षा जरा जाड अशी मुळं. दुसरं, तिसरं, सगळी तशीच. कुणी हसलं नाही, तेच वाईट होतं. दाजींनी ती मुळं हातात धरली आणि इमू गेल्यावर झाला होता तसा त्यांचा चेहरा झाला. भावजी आधी घूस म्हणाले, मग मुळं कुरतडणारी हुमणी अळी म्हणाले, मग विषाच्या झाडाला दुसरं काय येणार असं म्हणाले, आणि मिरगाला सोयाबीनची पिशवी आणायला सांगू लागले. मला राहवेना. पदर पुढं ओढला, दाजींच्या हातातलं एक वाळकं मूळ घेतलं आणि त्याच्याशीच बोलले, पण आवाज गावाला ऐकू जाईल असा.

"का रं लेकरा, असा का राहिलास? सांग की भावजींना. म्हणावं, मला घुशीनं खाल्लं न्हाय, हुमणीनं खाल्लं न्हाय. बुधवारी अन् शनिवारी तुमीच खाल्लं, शेंड्याकडनं."

 भावजींना माझ्याशी बोलता येईना आणि गप्पही बसवेना. आजूबाजूला खांब नव्हता. शेवटी त्यांनी शेजारी पडलेली कुदळ उचलली आणि तिला विचारलं की ती बाजारची भाजी नव्हती काय. मी मुळाला सांगितलं की बाजारची नव्हती, या ओळीतली होती. त्यांनी कुदळीला विचारलं की हे घरात कुणाकुणाला ठाऊक होतं. जाऊबाई एकदम ओढ्याकडं बघायला लागल्या. आमचं कुदळ आणि मुळाचं बोलणं असंच चाललं असतं, पण फातिमाबींना या रीती लागू नाहीत. त्या पुढं आल्या आणि म्हणाल्या, "भाईसाब, पूरा मौसम पाला तुमीच खाये, अब जडां मोटे कैसे हुंगे?" मग मात्र गाव हसलं. विष खाऊन इतके महिने गुटगुटीत राहिलेला माणूस समोर उभा, हसणार नाहीत तर काय करतील. भावजी कुदळ खांद्यावर टाकून घराकडं निघून गेले. पट्टीचं काय, ते कुणालाच कळलं नाही.

तुझे दाजी माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं. रागावायलाच हवं होतं, माझं चुकलंच होतं. ते वाटेनं पुढं पुढं चालत राहिले, आणि मला वाटलं संपलं. घराच्या दारात थांबून म्हणाले, "मला आधी सांगितलं असतंस, तर पाल्याचेच व्हिडिओ केले असते." आणि मला एकदम रडू आलं, ते का ते मला अजून सांगता येत नाही.

संध्याकाळी जाऊबाईंनी घाबरून पिठलंच केलं. भावजी ताटावर बसले. आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे. त्यांनी ताटाकडं बघितलं, खांबाकडं बघितलं आणि म्हणाले, "आज ती न्हाय का?" जाऊबाई म्हणाल्या, नाही. भावजींनी सुस्कारा टाकला. "पट्टी मोडून कसं चालंल मग," एवढंच खांबाला म्हणाले, आणि पिठलं खायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे शीळ वाजवत उठले. पट्टीच्या मधोमध सुतळी बांधली आहे, अर्धी पट्टी गड्ड्याला आणि अर्धी पाल्याला, आणि दोन्हीकडं पाट्या लावायचं चाललंय. गड्डे उकडून मीठ-तिखट लावून खाल्ले, फार छान लागतात. तू दिलेलं खूळ होतं, पण वाईट नव्हतं. उन्हात फिरू नकोस, आणि भाताबरोबर निदान ताक पीत जा.

तुझी
कस्तुराअक्का

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. काढणीला आलेल्या प्रत्येकानं जाताना परसात लावायला म्हणून एक-एक काडी मागितली. बेण्याला नाही म्हणायचं नाही, तर सगळ्या काड्या वाटून झाल्या. आता गावात प्रत्येक मोरीच्या पाण्यावर साबुकंद आहे आणि आमच्या पट्टीत लावायला एक कांडी नाही. तरी मिरगाच्या आत बेणं हवं.

ता. क. दुसरा : बेणं ट्रकवाल्याकडं देऊ नकोस. जाऊबाईंचा काही भरवसा नाही, अंघोळ रोज असते. तू स्वतः घेऊन ये. बेण्याचं निमित्त आहे म्हण किंवा काहीही म्हण, पण ये. दोन दिवाळ्यांबद्दल मी काही बोलणार नाही म्हटलं होतं, ते जमलं नाही.

ता. क. तिसरा : मोळ्या दुप्पट आण. काल भावजी कुदळ धूत बसले होते, आणि मी तिथून जात असताना ते तिला म्हणाले की ओढ्यापलीकडच्या तुकड्यातही सोयाबीनच कशाला पाहिजे. धाकट्याला मात्र सांगू नको, असंही तिला बजावलं. तेव्हा जास्तीच्या मोळ्यांवरही भावजींचं नको, नाव आमचंच टाक. आणि आलास की ओसरीवरच्या कुदळीवरून अडखळू नकोस, ती आता शेतात जात नाही, खांबाशेजारीच ठेवलेली असते. भावजींना माझ्याशी बरंच बोलायचं असतं हल्ली.